चाळीस फेऱ्यांचा एक किलोमीटर

केमीच्या तरणतलावात, बुटांच्या मांडणीवरच्या भिंतीला
नदीचा नकाशा चिकटवलाय.
शाळेतून आणलेला असावा, कडा कुरतडलेल्या.
समुद्रापासून वर, पार सावुकोस्कीच्या पलीकडे,
निळ्या शाईची केमियोकी, साडेपाचशे किलोमीटर.
दोरीला बांधलेली पेन्सिल.
पोहायचं, मोजायचं, लिहायचं
आणि आपली टाचणी वर सरकवायची.

बक्षीस काय, हिल्कानं पहिल्याच दिवशी विचारलं.
"टाचणी घरी न्या," वेइक्का म्हणाला,
जीवरक्षक तो, माझ्या मुलाहून लहान.

पंचावन्नाव्या वर्षी शिकले मी पोहायला.
त्याआधी एकतीस वर्षं कागद केला.
गिरणी बंद झाली तेव्हा कुणी घड्याळ नेलं, कुणी पाटी.
मी शेवटच्या रिळाचा एक तुकडा नेला,
जाड, किंचित पिवळट,
आणि कापून, शिवून वही केली.
त्या वहीत आता पाणी लिहिते.

सोमवार, हजार.
बुधवार, हजार.
शुक्रवार, नऊशे पंचाहत्तर.
एक फेरी मोजताना निसटली. पोहलेही असेन,
पण शंकेचे मीटर धरायचे नाहीत,
हा नियम माझाच,
मोडला तर रागवायलाही मीच.

नोव्हेंबरात दुपारी दोनलाच दिवस आवराआवर करतो.
सकाळी सहाला उणे बावीस.
गाडीची काच खरवडताना मन म्हणतं, उद्या.
मी वाद घालत नाही.
म्हणते, बरं, नुसते केस ओले करून येऊ.
मनाला पटतं.
मन भोळं आहे, दर वेळी फसतं,
आणि पाण्यात उतरलं की स्वतःच मोजायला लागतं.

माझे वडील ओंडके हाकायचे,
गुरं हाकावीत तसे, आकड्याच्या लांब काठीनं.
सगळं खालीच यायचं तेव्हा,
लाकूड, बर्फ, बाप.
वर जायचा तो एकटा सॅमन.
मग इसोहाराला धरण झालं
आणि वर जाणारं कुणी उरलं नाही.

नकाशावर ते धरण एक काळी रेघ.
दुसऱ्याच आठवड्यात गाठली.
टाचणी उचलली, रेघेपलीकडे टोचली.
इकडे तिकडे पाहिलं.
कुणी अडवलं नाही.

फेब्रुवारीत खांदा गेला.
सहा आठवडे वहीत फक्त तारखा,
पुढे काही नाही. तारखा मात्र लिहिल्या.

परत गेले तर माझी टाचणी टेरवोलाच्या वर.
बारा किलोमीटर कुणीतरी मला दान केले होते.
वेइक्का फरशी पुसत राहिला, तीच ती फरशी.
हिल्का टोपी घालत राहिली,
केस कधीच आत गेलेले असताना.
मी टाचणी खाली आणली.
जुन्या भोकात ती बरोबर बसली.

"मूर्ख आहेस," हिल्का म्हणाली,
आणि मग, मोजे शोधत,
"मी तिथवर गेले होते तुझ्यासाठी. पाठीवर पोहत."

त्या दिवशी चार फेऱ्या झाल्या.
शंभर मीटर. लिहिले.
मांडणीपाशी बसून हिशेब केला,
या चालीनं उगमाला पोहोचेन
तेव्हा साठी उलटलेली असेल.
हिल्का म्हणाली, तिची ऐंशी.
म्हणाली, तोवर टाचण्या गंजतील.
म्हणाली, शुक्रवारी येतेस ना.

आज शुक्रवार.
एकोणीस झाल्या. खांदा कुरकुरतोय, कुरकुरू दे.
पलीकडच्या पट्ट्यात हिल्काची लाल टोपी
बुडते, वर येते, बुडते.
पाण्याखाली भिंत दिसायला लागली,
पांढरी, चौकोनी फरश्यांची.
दर पंचवीस मीटरला एक धरण.
माशाला पाय नव्हते.
मला आहेत.
गुडघे दुमडले, टाचा टेकल्या,
ढकललं.

वीस.